दवाखान्याची फाइल, बाळ आणि परगाव : लेखाच्या वाटेवरचे प्रश्न

स्वतःचं आजारपण, आईपण आणि सुटलेलं गाव या तिन्हींवर बाईनं ललित लेख लिहायचा तर सुरुवात कुठून करायची, काय ठेवायचं, काय गाळायचं, यावर कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझं माहेर अकोल्याचं. नवऱ्याची फाउंड्रीतली नोकरी, म्हणून लग्नानंतर कोल्हापुरात आले. बाळ चार महिन्यांचं असताना मला फुप्फुसाचा टीबी निघाला. सहा महिने औषधं घेतली, बरी झाले. त्यावर हातानं वीस पानं लिहिली आहेत. मैत्रीण म्हणते, "वाचून वाईट वाटतं गं, पण लेख वाटत नाही." कुठं चुकलं असेल? (राजारामपुरी)

या विषयावरचे बहुतेक लेख एकाच जागी फसतात. सुरुवात लग्नापासून होते, मग गाव सुटल्याचं दुःख, मग बाळंतपण, मग आजार, मग सासरची माणसं. विषय एकामागोमाग एक रांगेनं येतात आणि एकाचा दुसऱ्याला धक्काही लागत नाही. वाचकाच्या हाती तीन अर्धे लेख पडतात.

तिन्हींतला एक पुढं ठेवा. तुमच्याकडं तो आयताच आहे: औषधांचे सहा महिने. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि मध्ये ठरलेले टप्पे आहेत. नेहमीच्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या टीबीत पहिले ५६ डोस चार औषधांचे आणि पुढचे ११२ तीन औषधांचे, असे एकूण १६८. रोजच्या गोळ्या किती हे वजनावर ठरतं, त्यामुळं वजनाचा आकडा नुसता आकडा राहत नाही. गाव आणि बाळ या सहा महिन्यांत जिथं आपसूक येतील तिथंच येऊ द्या. बाळाला सांभाळायला तुमची आई महाराष्ट्र एक्स्प्रेसनं अकोल्याहून आली असेल तर तिचं तिकीट, तिनं आणलेल्या पिशव्या आणि ती किती दिवस राहू शकली, एवढ्यानं परगाव लेखात येतं. त्यासाठी 'माहेरची माती' वगैरे वेगळा परिच्छेद लागत नाही.

आता कामाची पद्धत. एक मोठा ताव घ्या आणि त्यावर चार रकाने पाडा: तारीख, कागदावर काय आहे, त्या दिवशी घरात काय चाललं होतं, कोण काय बोललं. पहिले दोन रकाने आठवणीतून भरू नका, फाइल काढून बसा. फाइल हरवली असेल आणि तुम्हाला दवाखान्यात दाखल केलं असेल, तर डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपावे लागतात, आणि रुग्णानं मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ३ वर्षं उलटून गेली असतील तरी विचारून बघायला हरकत नाही, मात्र तेव्हा हक्कानं मागता येत नाही. गरोदरपणाचं माता-बाल संरक्षण कार्ड बहुधा घरातच कुठं तरी असतं. त्यात तुमचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाच्या लसी आणि वाढीचा आलेख असं सगळं एका जागी मिळतं.

सोनोग्राफीचा फोटो किंवा ईसीजीची पट्टी सापडली तर ती जपण्यासाठी लॅमिनेट करायला धावू नका. तो कागद उष्णतेवर उमटणारा असतो. लॅमिनेशनच्या गरम रुळातून गेला की अख्खा काळा होतो, आणि नुसता उजेडात पडून राहिला तर पांढरा फटक. मोबाइलनं सरळ वरून, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा आणि मूळ कागद साध्या कागदी पाकिटात अंधारात ठेवा.

डिस्चार्ज कार्डावरची अक्षरं नीट वाचा. 'एलएससीएस' म्हणजे सिझेरियन, 'एफटीएनडी' म्हणजे पूर्ण दिवसांची नैसर्गिक प्रसूती. 'जी ३ पी १ एल १ ए १' असं लिहिलेलं असेल तर अर्थ असा: तिसऱ्यांदा दिवस राहिले, आधी एक बाळंतपण, एक मूल हयात, एक गर्भ गेलेला. तो आपोआप गेला की पाडला, हे 'ए' सांगत नाही. वीस पानांत या 'ए १'चा उल्लेख नसेल, तर तो मुद्दाम टाळलाय की लिहायचा राहून गेलाय, हे स्वतःशी ठरवा. टाळला असेल तर तुमचा निर्णय. पण राहून गेला असेल तर लेखाचा मोठा भाग बाहेरच राहिलाय.

मग शरीर. टीबीच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिननं लघवी केशरी-तांबडी होते, कधी घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर पहिल्या सकाळी बाईच्या छातीत धस्स होतं. अशी एक ओळ 'मी आतून कोसळले' या पाच ओळींना भारी पडते.

सर्वांत जास्त जागा बाळाच्या दुधाला द्या, असं आमचं मत आहे. औषधं सुरू असलेल्या, साध्या टीबीच्या आईनं अंगावर पाजणं बंद करायचं नसतं. तोंडा-नाकावर मास्क लावून पाजायचं असतं, आणि बाळाला तपासून प्रतिबंधक औषध सुरू करतात. पण घरात काय होतं? बाळाला अंगावरून तोडतात, ताट-वाटी वेगळी होते, बाळाचं अंथरूण दुसऱ्या खोलीत जातं. डॉक्टर एक सांगतात, सासूबाई दुसरं करतात, आणि मधली बाई परगावची असते, तिच्या बाजूनं बोलायला शेजारीही ओळखीचे नसतात. तुमचे तिन्ही विषय या एका प्रसंगात आहेत. तो सावकाश लिहा. मास्क कापडी होता की दवाखान्यातला, बाळ तो ओढायचं का, दारात कोण उभं असायचं, हे सगळं येऊ द्या. आणि सासूबाईंना खलनायिका करू नका. त्यांनी टीबीनं माणसं गेलेली पाहिली असतील, तर तेही एका वाक्यात यायला हवं.

वीस हस्तलिखित पानं म्हणजे अंदाजे चार-पाच हजार शब्द. मासिकाला लागतात अठराशे ते बावीसशे. निम्मं जाणार आहे, तेव्हा आधी विशेषणं काढा, मग दुसऱ्यांदा सांगितलेलं काढा, मग सल्ला काढा. 'आजारावर मात' छापाचा शेवट आला असेल तर तो परिच्छेद उडवून आधीच्या परिच्छेदावर थांबून पाहा. नव्वद टक्के वेळा लेख तिथंच संपलेला असतो.

प्रश्न : आजाराचं नाव लिहिलंच पाहिजे का? सासरच्या नातेवाइकांत माहीत नाही, आणि मुलींची लग्नं व्हायची आहेत. दुसऱ्याच आजाराचं नाव घातलं तर चालेल का? (इचलकरंजी)

नाव न घेणं चालेल. खोटं नाव चालणार नाही. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांचं आजार आणि त्याभोवतीच्या रूपकांवरचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्या स्वतः स्तनाच्या कर्करोगातून जात असताना ते लिहिलं गेलं, पण पुस्तकात स्वतःच्या आजाराचा उल्लेख त्यांनी केला नाही. त्यामुळं ते कुठंही लंगडं पडलेलं नाही.

खोटं नाव घातलं की बाकीचे तपशील चुगली करतात. कर्करोगाऐवजी 'थायरॉइड' लिहिलंत, आणि पुढं सलाइनमधून लाल औषध गेलं, दोन-तीन आठवड्यांनी उशीवर केसांचे पुंजके दिसले, पुढच्या डोसच्या आधी पांढऱ्या पेशी मोजल्या असं लिहिलंत, की जाणकार वाचक तिथंच थांबतो. ते लाल औषध डॉक्सोरुबिसिन आहे हे वॉर्डातल्या मावशींनाही माहीत असतं. आणि हे तपशील गाळलेत तर लेखात उरतं काय? म्हणून 'आजार' एवढाच शब्द ठेवा आणि उपचार जसे झाले तसे लिहा. ज्यांनी ते भोगलंय ते ओळखतील, बाकीच्यांना ओळखायची गरज नाही. टोपणनावानं छापता येतं. संपादकाला मात्र खरं नाव आणि पत्ता कळवावा लागतो, आणि तो गुप्त ठेवायला सांगायचं ते लेखी सांगा.

प्रश्न : माहेर निपाणीकडं, सासर गडहिंग्लजला. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. संवाद कसे लिहू? मराठी वाचक वैतागतील ना? (गडहिंग्लज)

सीमाभागातल्या घरातले संवाद गुळगुळीत प्रमाण मराठीत आले तर आम्हीच वैतागू. कानडी वाक्य देवनागरीत, ऐकू येतं तसं लिहा, आणि अर्थ समोरच्याच्या उत्तरातून येऊ द्या. आई फोनवर "ऊट आयता?" म्हणाली आणि मुलगी "जेवले गं, आत्ताच" म्हणाली, की काम झालं. कंस नको, तळटीप नको. एका पानात अशी दोन-तीन वाक्यं पुरतात.

निवेदनाची भाषा एकच ठेवा आणि शेवटपर्यंत सांभाळा. सासूबाई "काय करालीस गं?" म्हणत असतील तर तिसऱ्या पानावर त्यांच्या तोंडी "काय करते आहेस?" येता कामा नये. मुद्रितशोधक अशा जागा हमखास 'सुधारतात', म्हणून पहिल्या पानावर पेन्सिलनं सूचना लिहून ठेवा. आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेची हकिगत सांगत बसू नका. तासाभराच्या एसटीत पाट्यांची लिपी बदलते, एवढं वाचकाला पुरतं.

प्रश्न : माझा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला. दीड महिना काचेच्या पेटीत होता. त्यावर लेख लिहिला. आता तो आठवीत आहे, त्यानं वाचला आणि "हे छापायचं नाही" म्हणाला. माझा अनुभव मी लिहायचाच नाही का? (शाहूपुरी)

लिहायचा. पण तो लेख एकदा दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन वाचा. तुमच्या शरीराचं, तुमच्या डोक्यातलं जे असेल त्याखाली एक रंग, त्याच्या शरीराचं जे असेल त्याखाली दुसरा. दुसरा रंग जास्त भरला तर मुलाचं म्हणणं बरोबर आहे.

त्या दीड महिन्यात तुमचं स्वतःचं भरपूर होतं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हातानं दूध काढायचं. सुरुवातीला वाटीचा तळही भिजत नाही. ते मोजून, नळीवाटे बाळाच्या पोटात जायचं, दोन-दोन मिलिलिटर. पुढं नळी निघते आणि वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजायला शिकवतात. मग उघड्या छातीवर बाळ उभं धरून तासन्‌तास बसायचं. टाके ओले असतात, पाय सुजलेले असतात, आणि बाहेर बाकावर कोण डबा घेऊन बसलंय हे तुम्हाला माहीत नसतं. हे सगळं तुमचं आहे. त्याच्या मेंदूची सोनोग्राफी, त्याला नंतर उशिरा बोलायला लागणं, त्याचे शाळेतले मार्क, हे त्याचं.

इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' या लेखात, कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी अशा ओळखी झाल्यावर शेवटी शाळकरी पोरं 'आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई' म्हणून बाईंना ओळखतात. सगळा लेख त्या ओळखीवर उभा आहे, तरी मुलाबद्दल वाचकाला खासगी असं काहीच कळत नाही. हे कसं जमवलंय ते बघण्यासाठी तो पुन्हा वाचा.

मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा, फोटो हे चारही काढा. लेख नेटवर गेला की आठवीतल्या पोरांना तो शोधायला अर्धा मिनिट लागतो. दुसरा खर्डा त्याला द्या आणि त्याला नको त्या ओळी त्यालाच खोडू द्या. तरीही नाही म्हणाला तर लेख ठेवून द्या. असे लेख नासत नाहीत.

प्रश्न : शिरोळ तालुक्यात ऊसतोड टोळ्यांच्या मुलांसाठी काम करते. बीडकडच्या एका बाईंची 'पिशवी' सव्विसाव्या वर्षी काढली आहे. त्यांचं आयुष्य मला लेखात मांडायचं आहे. त्या लिहीत-वाचत नाहीत. (शिरोळ)

मग तो लेख त्यांचा आहे, तुमचं शब्दांकन. छापतानाही तसंच यावं: निवेदन त्यांचं, ठरलेल्या नावानं, आणि खाली 'शब्दांकन' म्हणून तुमचं नाव. मानधन आलं तर कुणाचं, हे रेकॉर्डिंगच्या आधी सांगा.

परवानगी दोनदा घ्या, बोलण्याआधी आणि लिहिलेलं वाचून दाखवल्यावर. टोळी आणणाऱ्या मुकादमासमोर किंवा नवऱ्यासमोर विचारलेलं 'हो' धरू नका. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून मजुरीचा एकच 'कोयता' मोजला जातो, खाड्याचे, म्हणजे कामावर न आलेल्या दिवसांचे, पैसे कापले जातात. या हिशेबात बाईला नाही म्हणायला जागा फारशी नसते. वेळही तीच सांगेल. गाडी भरायला रात्री आली तर दुसऱ्या दिवशी दुपारी कोपीवर, म्हणजे पालाच्या झोपडीत, तिला झोप हवी असते, तुमचा मोबाइल नको असतो. आणि हंगाम संपायच्या आत वाचून दाखवायचं काम उरका. मार्च-एप्रिलात टोळी गावाकडं गेली की गाठ पुढच्या दिवाळीनंतर. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास जातात, ते आधीच धरा.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, सरकारनं चौकशी समिती नेमली. तेव्हापासून या विषयावर येणारं बरंचसं लेखन बातमीच पुन्हा सांगतं. तुम्ही कार्ड बघा. त्यावर नुसतं 'टीएएच' असेल तर पोट उघडून गर्भपिशवी काढली आहे. सोबत 'बीएसओ' असेल तर दोन्ही अंडाशयं आणि नळ्याही गेल्या आहेत. फरक फार मोठा आहे. नुसती पिशवी गेली तर पाळी थांबते, पण अंडाशयं काम करत राहतात. तीही गेली तर सव्विसाव्या वर्षी एकदम रजोनिवृत्ती: अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं लवकर ठिसूळ होणं. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना कंबर धरते ती नुसत्या कामानं धरते की आणखी कशानं, हा प्रश्न लेखात येऊ शकतो. उत्तर तुम्ही देऊ नका, ते डॉक्टरांचं काम. पण अंडाशयं गेली आहेत असं दिसलं तर लेख बाजूला ठेवून आधी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडं न्या.

नाव बदलणं पुरेसं नसतं. टोळीत जेमतेम दहा-पंधरा जोड्या असतात. मुलं किती, ऑपरेशन कितव्या वर्षी, गाव कोणतं, एवढ्यावर मुकादम ओळखतो आणि पुढच्या वर्षी उचल मिळत नाही. गाव, कारखाना आणि मुलांची संख्या बदला. ऑपरेशनचा तपशील बदलू नका.

प्रश्न : माझं निदान एका डॉक्टरांनी आठ महिने चुकवलं. नाव लिहू का? (कागल)

लेखात नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला होऊ शकतो, आणि त्यात तुमच्यासोबत मासिकही ओढलं जातं. तक्रार करायचीच असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, ग्राहक आयोग आहे. लेखात फक्त भेटींच्या तारखा, काय तपासलं आणि काय तपासलं नाही एवढं लिहा. निकाल वाचक लावतात.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं आहे. पुण्याहून इथं आले, कुणी ओळखीचं नाही. रात्री बाळ झोपलं की लिहिते, पण लिहून झाल्यावर जास्तच रडू येतं, नको ते विचार येतात. लिहीत राहिले तर मोकळं होईल असं सगळे म्हणतात. (कळंबा)

लिहिणं आज थांबवा. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. तिसऱ्या महिन्यात तेच चालू असेल आणि नको ते विचार येत असतील, तर त्याला उपचार लागतात, आणि उपचारांनी ते बरं होतं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं. आजच लावा, आणि जवळ जे कुणी असेल त्याला हे पत्र दाखवा. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं तर एकटीनं बसू नका, कुणाला तरी घेऊन थेट जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. गेल्या ७ दिवसांबद्दल विचारणारी १० प्रश्नांची एक सोपी चाचणी असते, एडिंबरा नावाची. डॉक्टरांना ती घ्यायला सांगा. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं आहेत, त्यामुळं दूध तोडावं लागेल या भीतीनं जायचं टाळू नका.

वह्या जपून ठेवा. लेखाचं पुढं बघू.

प्रश्न : लेख तयार आहे. दिवाळी अंकाला कधी आणि कसा पाठवू? हक्क कुणाकडं राहतात? (पन्हाळा)

जून ते जुलै. ऑगस्टनंतर बहुतेक अंकांची पानं ठरलेली असतात. त्याआधी करवीर नगर वाचन मंदिरात किंवा तुमच्या जवळच्या ग्रंथालयात बसून चार-पाच अंक चाळा. कुठला अंक ललित लेख छापतो आणि कुठला नुसत्या कथा, हे कळल्याशिवाय पाठवू नका. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. लेख युनिकोडमध्ये टाइप करा, वर्डची फाइल आणि सोबत पीडीएफ, कारण वर्डमध्ये जोडाक्षरं तुटली तर पीडीएफवरून ताडता येतात. आईची किंवा मैत्रिणीची पत्रं लेखात उतरवली असतील तर त्यांची परवानगी जोडा. पत्राचा कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो.

लेखाचे हक्क तुमचेच. कुणी 'सर्व हक्क' मागितले तर ते लेखी आणि मुदतीसह असू द्या. करारात मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरती. पुढं लेख पुस्तकात घ्यायचा विचार असेल तर 'या अंकापुरते प्रकाशनाचे हक्क' एवढंच वाक्य लिहून पाठवा. तीन महिन्यांत होकार आला नाही तर एक स्मरणपत्र पाठवायचं आणि मग दुसरीकडं द्यायचा.